आधी नावं, मग स्कॅनर : डहाणूच्या ब्रदरन मंडळीची ट्रंक उघडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा डहाणूला, अमेरिकेतून आलेल्या ब्रदरन या ख्रिस्ती पंथाच्या मिशन शाळेत मास्तर, आजी तिथल्याच मिशन दवाखान्यात नर्स. घर रिकामं करताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. आत दीडएकशे फोटो, सात-आठ काचेच्या निगेटिव्ह, मंडळीच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या सभासदांच्या, सभांची दोन मिनिट बुकं (इतिवृत्ताच्या वह्या), बाप्तिस्म्याची एक नोंदवही, पावत्या, आणि इंग्रजी, गुजराती, मराठी अशा तिन्ही भाषांतली पत्रं. मंडळीतले काहीजण म्हणतात, चांगले फोटो लॅमिनेट करून हॉलमध्ये लावू. काही म्हणतात, सगळं अमेरिकेला पाठवून मोकळे होऊ. विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न : स्कॅनर कुठला घेऊ?

ताई, स्कॅनर पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल. या महिन्यात तुम्ही नावं गोळा करा.

कौटुंबिक आणि मंडळ्यांचे कागद सांभाळण्याचं काम मी सव्वीस वर्षं करते आहे. या काळात कसर, वाळवी, पाणी यांनी जेवढं नेलं त्याहून जास्त मी नावांअभावी गेलेलं पाहिलं आहे. फोटो अगदी लख्ख असतो, चाळीस माणसं ओळीत उभी असतात, आणि त्यांतल्या एकाचंही नाव सांगणारं कुणी उरलेलं नसतं. मिशनच्या फोटोंत हे फार होतं, कारण फोटो काढणारा आणि त्याखाली ओळ लिहिणारा बहुतेक वेळा मिशनरी असे आणि ती ओळ अमेरिकेतल्या वाचकासाठी असे. मिशनरीचं नाव पूर्ण, बाकीचे ‘शाळेतली मुलं’, ‘बायबल बाई आणि तिचा वर्ग’, ‘एक वारली कुटुंब’. ती राहिलेली नावं अमेरिकेत कुठेच नाहीत. ती डहाणू, पालघर, वाडा, वलसाड, व्यारा, आहवा इथल्या पंच्याऐंशी-नव्वदीच्या माणसांच्या डोक्यात आहेत. ती माणसं थकत चालली आहेत.

मी कसं करते ते सांगते. सगळा गठ्ठा म्हाताऱ्या माणसापुढे ओतायचा नाही, दहा मिनिटांत थकवा येतो. पंधरा-वीस समूहफोटो निवडा, मोबाइलवर नीट उजेडात टिपा आणि ए-फोर कागदावर मोठे छापून न्या. मूळ फोटो घरीच राहू द्या. छापलेल्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती पेन्सिलीने गोल काढा आणि त्यात आकडा घाला. मग कुणी ‘ही ना, ही आमच्या शेजारची’ म्हटलं की ‘ही’ म्हणजे नेमकी कोण याचा घोळ होत नाही. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. ‘हे कोण?’ असं पहिल्याच झटक्यात विचारू नका. समोरचा माणूस परीक्षेला बसल्यासारखा आकसतो. ‘या पायऱ्या कुठल्या?’, ‘मागचं झाड कशाचं?’, ‘इथे पाणी कुठून भरायचे?’ असं विचारा. जागा आठवली की माणसं आपोआप चालत येतात.

एका बैठकीत मी नर्सांचा एक फोटो ठेवला होता. अकराजणी, सगळ्या पांढऱ्या लुगड्यात, चेहरे टिचभर. समोर बसलेल्या आजींना मोतीबिंदू होता. त्यांनी चेहरे पाहिलेच नाहीत. मागच्या रांगेतल्या तिसरीवर बोट ठेवलं नि म्हणाल्या, ‘‘ही वलसाडकडची. पदर बघ ना, उजव्या खांद्यावरून पुढे घेतलाय. आमच्या सगळ्यांचा डाव्या खांद्यावरून मागे.’’ मी तो फोटो आठवडाभर रोज बघत होते, माझ्या लक्षात आलं नव्हतं. पदरावरून वलसाड आलं, वलसाडवरून वसतिगृहाची खोली, आणि खोलीवरून पाच मिनिटांत अकरापैकी सात नावं आली. उरलेल्या चार जणींपैकी दोघींची नावं आजींच्या धाकट्या जावेने सांगितली. त्यातल्या एकीवरून दोघींत वाद झाला. मी दोन्ही नावं लिहिली, कुणी कोणतं सांगितलं तेही लिहिलं. वाद मिटवणं हे आपलं काम नाही. पुढे एखादं पत्र निघतं आणि तेच तो मिटवतं.

आता तुमच्या ट्रंकेतल्या कागदांच्या मागे काय आहे, ते माहीत असलं तर निम्मं वर्गीकरण सोपं होईल.

हे ब्रदरन म्हणजे १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी, एडर नदीत आठ जणांनी घेतलेल्या बाप्तिस्म्यापासून सुरू झालेला पंथ. अलेक्झांडर माक हे त्यांचे पुढारी. नंतर हे लोक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात गेले. विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे तिघं १८९४ च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि वलसाडला त्यांनी ठाण मांडलं. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, त्यात मिशनने अनाथ मुलं सांभाळली. पुढे बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेच्या वाटेने आणि आतल्या डोंगराळ भागात ठाणी वाढली : अंकलेश्वर, व्यारा, आहवा, आणि आपल्या मराठी मुलखात डहाणू, वाडा, पालघर. डहाणूच्या दवाखान्याशी डॉ. बार्बरा निकी यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. तुमच्या आजींच्या कागदांत ते बहुधा कुठेतरी भेटेलच.

यातून तीन गोष्टी लगेच उपयोगी पडतात. पहिली : १९०८ पर्यंत या चर्चचं अधिकृत नाव ‘जर्मन बॅप्टिस्ट ब्रदरन’ होतं, त्यानंतर ‘चर्च ऑफ द ब्रदरन’ झालं. म्हणून ज्या छापील कागदावर जर्मन बॅप्टिस्ट असं आहे तो १९०८ च्या आसपासचा किंवा आधीचा. एका घरात असे कागद ‘जर्मन लोकांचे, आपले नाहीत’ म्हणून बाजूला टाकलेले मी पाहिले आहेत. ते मंडळीचे सगळ्यात जुने कागद होते. दुसरी : ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द दिसला की सरकारी जिल्हा समजू नका. ब्रदरन लोकांत डिस्ट्रिक्ट म्हणजे मंडळ्यांचा विभाग. डहाणू सरकारी नकाशावर ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. दोन्ही जिल्हे एकत्र कालवले की यादी बिघडते. तिसरी : प्लिमथ ब्रदरन हा पूर्ण वेगळा पंथ आहे. नावसाधर्म्यामुळे लोक इंटरनेटवर भलत्याच माणसांच्या मागे लागतात. त्यांचे कागद मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहेत. तुमचा संबंध आहे तो अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एल्गिन इथल्या ब्रदरन हिस्टॉरिकल लायब्ररी अँड अर्काइव्ह्ज या संग्रहाशी.

फोटो ब्रदरनांचा आहे की शेजारच्या दुसऱ्या मिशनचा, हे बाप्तिस्म्याच्या फोटोवरून चांगलं कळतं. बॅप्टिस्ट या दुसऱ्या पंथाचे पाळक (पास्टर) माणसाला पाठीवर मागे झुकवून पाण्यात नेतात. ब्रदरन पद्धतीत माणूस पाण्यात गुडघे टेकतो आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा पुढे वाकून बुडतो. नदीतला फोटो असेल आणि बाप्तिस्मा घेणारा जेमतेम छातीभर दिसत असेल, पाळकाचा हात त्याच्या डोक्यामागे असेल, तर तो फोटो या मंडळीचा धरून चाला. तसंच प्रीतिभोजनाचे, म्हणजे मंडळीच्या धार्मिक सहभोजनाचे, फोटो. लांब पंगत, मध्ये घमेली, खांद्यावर पंचे, बाया एकीकडे नि पुरुष दुसरीकडे. बाहेरच्या माणसाला ही लग्नाची पंगत वाटेल. ती पाय धुण्याच्या विधीची तयारी असते.

साल ठरवायला ट्रंकेतच पुष्कळ खुणा असतात. पावती आणे-पैमध्ये आहे की नया पैशांत? १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. स्टेशनच्या फोटोत बी.बी.सी.आय. लिहिलं आहे की वेस्टर्न रेल्वे? ती १९५१ मध्ये झाली. पत्त्यात मुंबई राज्य आहे का? मग १ मे १९६० च्या आधीचं. त्या दिवशी या मंडळ्यांच्या मुलखाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा गेली, डहाणू इकडे आणि डांग तिकडे. पोस्टकार्डावर छापलेले फोटो असतील तर मागे तिकिटाच्या चौकटीभोवती ‘ॲझो’ हा कागदाचा छाप शोधा. चौकटीच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण १९०४ ते १९१८ मधला. अर्थात, जुना कागद पुढेही वापरला जातो, म्हणून एका खुणेवर कधीच साल लिहू नये. ‘अं. १९१०-२०’ असं लिहा आणि कशावरून ते पुढे लिहा.

आता बाप्तिस्म्याची नोंदवही. हिच्याबद्दल एक सावधगिरी सांगते, कारण इथे शिकलेली माणसंसुद्धा फसतात. आपल्याकडे चर्चची नोंद म्हटली की तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा डोळ्यांसमोर येतो आणि त्या तारखेवरून लोक जन्मसाल काढतात. ब्रदरन लहान बाळांचा बाप्तिस्मा करत नाहीत. समजून उमजून विश्वास धरणाऱ्याचाच करतात. तेव्हा १९२१ ला बाप्तिस्मा झालेला माणूस बारा वर्षांचा असेल किंवा पन्नाशीचाही. वंशावळ काढताना हे विसरलात तर एक आख्खी पिढी पुढे-मागे सरकते. एकाच माणसाचं नाव गुजराती नोंदीत एका तऱ्हेने, मराठीत दुसऱ्या आणि मिशनरीच्या इंग्रजी पत्रात तिसऱ्या तऱ्हेने येतं, तेव्हा एक साधी दोनशे पानी वही नावांसाठी वेगळी ठेवा. दर पानावर एक माणूस, खाली जिथे जिथे त्याचं नाव जसं आलं तसं, कागदाच्या नंबरासकट. हीच वही पुढे सगळ्या संग्रहाची किल्ली होते. कॉम्प्युटरवर चढवायची घाई नको. मोडीतले कागद निघाले, आणि जमिनीचे जुने दस्त असतील तर निघतीलच, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा मुंबईच्या पुराभिलेख कचेरीत मोडी वाचणाऱ्यांची चौकशी करा.

मिनिट बुकांकडे मात्र जपून. त्यात दोन नाजूक गोष्टी असतात. एक म्हणजे माणसांच्या चुका. कुणाला मंडळीबाहेर काढलं, कुणी दारू पिऊन आलं, कुणाच्या संसारात काय घडलं. ती माणसं गेली, त्यांची नातवंडं त्याच मंडळीत पुढच्या बाकावर बसतात. अशी पानं स्कॅन करा, पण उघड्यावर ठेवू नका. पाकिटावर ‘अमुक सालापर्यंत बंद’ असं लिहून दोन जबाबदार माणसांच्या सह्या घ्या. छप्पनियाच्या अनाथ मुलांच्या नोंदी, कुष्ठरोग्यांचे फोटो यांनाही हाच न्याय. हॉलच्या भिंतीवर ते लावायचे नाहीत.

दुसरी गोष्ट मालमत्तेची. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात भारतातलं ब्रदरन चर्चही होतं. पुढे गुजरातेतल्या काही मंडळ्यांनी आपण वेगळे आहोत अशी भूमिका घेतली, खटले चालले, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या राहिलेल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनच्या बाजूने निकाल दिला. विलीन होण्याच्या नुसत्या ठरावाने सार्वजनिक न्यासाची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही, हा त्यातला मुद्दा. या वादात कोण बरोबर यात मी पडत नाही, तुम्हीही या कामापुरतं पडू नका. एवढंच पाहा की चार ओळींचा ठराव आणि त्याखालच्या सह्या यांवर चाळीस वर्षांनी केवढं अवलंबून राहिलं. तुमच्या मिनिट बुकातही तसं काही असू शकतं. म्हणून ट्रंकेतलं काहीही कुणाला ‘दोन दिवसांत परत देतो’ या शब्दावर देऊ नका, तो कितीही जवळचा असो. आधी प्रत्येक पानाचा फोटो, मग यादी, यादीवर दोन सह्या, आणि मूळ वही घरातच बघायला द्यायची. पाळक आणि पंच, दोघांनाही यादीची एकेक प्रत द्या. उद्या कुणी म्हणायला नको की तुम्ही काही लपवलं.

कागदांच्या तब्येतीचं आता. डहाणूची हवा खारी आणि दमट, पावसाळ्यात तर कपाटातले कपडेही कोंदटतात. ट्रंक आतून गंजली असेल तर कागद आधी बाहेर काढा. कडक उन्हात वाळवायचे नाहीत, सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावून मऊ कुंचल्याने, बाल्कनीत, बाहेरच्या बाजूला झाडा. डांबरगोळ्या कागदाला चिकटवून ठेवू नका. वेखंड-कडुनिंबाच्या पुरचुंड्या ठेवायच्या तर त्याही वेगळ्या, पाला कागदात घालू नका, डाग पडतात. कसर लागलेली वही पॉलिथिनमध्ये हवा काढून घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवली तर किडा मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं. फोटो आणि काचांना हा उपाय करायचा नाही.

लॅमिनेशन नको. हे मी हात जोडून सांगते. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक आणि गोंद. एकदा चिकटलं की सुटत नाही आणि आतला कागद वाफवल्यासारखा पिवळा पडत जातो. एका मंडळीने लग्नाच्या नोंदवहीची पहिली अकरा पानं भक्तिभावाने लॅमिनेट करून आणली होती, शाई आतल्या आत पसरली होती. हॉलमध्ये लावायचं तर चांगली छापील प्रत लावा, लोकांना तेवढाच आनंद होतो. सेलोटेप, स्टेपल, फेव्हिकॉल यांनाही हात लावू नका. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या चेहऱ्यावर उमटतो.

काचेच्या फ्रेमला चिकटलेला फोटो सोडवू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी तो सोडवायला गेले होते. ओल्या हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो, हे मला वाचून माहीत होतं, पण कोपरा सुटा दिसला आणि मी ओढलं. एका शिक्षिकेचा अर्धा चेहरा काचेवर राहिला. तिचा दुसरा फोटो त्या घरात नव्हता. तेव्हापासून मी असा फोटो आधी काचेसकट टिपते आणि त्यापुढे काही करायचं की नाही ते प्रशिक्षित संवर्धकावर सोडते.

तुमच्या काचेच्या निगेटिव्ह कडेने धरा, एकीवर एक रचू नका, मऊ कागदात गुंडाळून खोक्यात उभ्या ठेवा. मंद दिसणारी बाजू चित्राची, तिला बोट लावायचं नाही. टॅबलेटवर पूर्ण पांढरा पडदा करून त्यावर दोन बोटं अंतर सोडून काच धरली आणि वरून मोबाइलने टिपली की ओळख पटवण्यापुरतं चित्र मिळतं. फिल्मची गुंडाळी निघाली आणि कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल, किंवा चिकट, तपकिरी झाली असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती पेट घेते. प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका, माळ्यावर ठेवू नका, बाकीच्या संग्रहापासून आजच वेगळी करा. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती ॲसिटेटची, तिची प्रत लवकर काढून घ्या.

आणि हो, स्कॅनर. साधा फ्लॅटबेड पुरतो. फोटो ६०० डीपीआयला, टपालतिकिटाएवढे छोटे १२०० ला, कागद ३०० ते ४०० ला. मूळ फाइल टिफ, वाटायला जेपेग. फाइलला ट्रंकेतल्या यादीचाच नंबर द्या, ‘आजी-छान-फोटो-२’ असलं नको. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आटून पोहोचतो.

राहिला प्रश्न अमेरिकेला पाठवण्याचा. मूळ कागद पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एल्गिनचे लोक हे काम मनापासून करतात, पण डहाणूच्या मंडळीला आपलीच नोंदवही बघायला व्हिसा काढावा लागू नये. तुम्ही त्यांना स्कॅन आणि नावांची यादी पाठवा आणि त्यांच्याकडच्या डहाणू-वाडा-पालघरच्या फोटोंच्या प्रती मागा. त्यांच्याकडे फोटो आहेत, तुमच्याकडे नावं, हा बरोबरीचा व्यवहार होईल. त्याआधी घरबसल्या ‘मिशनरी व्हिजिटर’ आणि ‘गॉस्पेल मेसेंजर’ या त्यांच्या नियतकालिकांचे जुने अंक इंटरनेट अर्काइव्हवर चाळा. ठाण्यांचे अहवाल आणि फोटो त्यांत छापले जात. तुमच्या ट्रंकेतला एखादा फोटो तिथे सालासकट सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. मराठी ख्रिस्ती माणसांच्या निधनवार्तांसाठी १८४२ पासून निघणारा ‘ज्ञानोदय’ही बघा.

मूळ कागद मंडळीतच ठेवायचे तर कोरड्या, आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वीतभर वर, आणि किल्ल्या दोघांकडे. तेवढी सोय नसेल तर बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या संग्रहाला विचारा, मिशनचे कागद सांभाळण्याचा त्यांना अनुभव आहे. देताना ‘कायमचे दिले’ की ‘ठेवायला दिले’ हे लेखी करून घ्या, आणि नोंदवहीतल्या बंद पानांची अट त्यातच घाला.

येत्या रविवारी उपासना झाली की लगेच घरी जाऊ नका. तीन फोटो, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल. मागच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्यात वयस्क बाईंपाशी जाऊन बसा आणि आधी त्या पायऱ्यांबद्दल विचारा.